वाचकांचे प्रश्न : सोडून दिलेली गाडी

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातला शेतकरी असून माझे वय सदुसष्ट वर्षे आहे. 1987 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका वृद्ध डॉक्टरांनी आपली जुनी फियाट, जिला सारे गाव ‘डुक्कर फियाट’ म्हणत असे, नऊ हजार रुपयांत मला देऊ केली होती. गाडी चालू स्थितीत होती आणि कागदपत्रे त्यांच्याच नावावर होती. लहानपणी मला विषमज्वर झाला, तेव्हा याच गाडीतून डॉक्टरांनी मला यवतमाळला नेले होते, त्यामुळे माझा जीव तिच्यात गुंतलेला होता. परंतु त्या वर्षी कापसाच्या चुकाऱ्याची बरीच रक्कम अडकून होती, जोडीतला एक बैल थकला होता, आणि वडिलांनी स्पष्ट सांगितले की, घरात एक तर बैल येईल, नाही तर मोटार. बैल आला. पुढे डॉक्टर गेले, गाडी एका जिनिंगच्या आवारात कडुलिंबाखाली सहा-सात वर्षे उभी राहिली आणि शेवटी भंगारात गेली. गेल्या हिवाळ्यात नातवाने मला नागपूरला जुन्या गाड्यांचे प्रदर्शन दाखवायला नेले. तिथे अगदी तशीच गाडी पाहिली आणि तेव्हापासून मनाला चैन नाही. माझे चुकले का? आणि आता या वयात तशी गाडी घ्यावी का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि आपल्या वडिलांचा निर्णय मला दोन्ही वेळा योग्यच वाटला. कोरडवाहू शेतीत मृगापूर्वी जोडी पूर्ण नसेल, तर पेरणीजोगी ओल निघून जाते. तीस वर्षांहून जुनी मोटार त्या वेळी तुमच्या घराला तारू शकली नसती. शिवाय तो काळही आठवून पाहा. डिसेंबर 1983 पासून मारुती 800 रस्त्यावर आली होती, ज्याला ऐपत होती तो तिच्यासाठी नंबर लावत होता, आणि जुन्या फियाटीकडे जपून ठेवण्याजोगी वस्तू म्हणून पाहणारा माणूस तालुक्याच्या गावी शोधूनही सापडला नसता. असंख्य लोकांनी त्या गाड्या नाकारल्या, त्यांचा पत्रा वजनावर विकला गेला, आणि जेमतेम काही उरल्या म्हणूनच आज त्यांना मोल आले आहे.

आपण प्रदर्शनात जी गाडी पाहिली ती, आणि डॉक्टरांनी आपल्याला देऊ केली होती ती, या दोन वेगळ्या गाड्या आहेत, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. प्रदर्शनातल्या गाडीमागे कोणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत उभी असते : सडलेला पत्रा कापून नवा बसवणे, इंजिन खोलून बोअर करणे, दिव्याच्या एका काचेसाठी मुंबईचा चोरबाजार पालथा घालणे. डॉक्टरांची गाडी आपल्या दारी आली असती, तर बहुधा ती गुरांच्या कोठ्याच्या कडेला काळ्या मातीवर उभी राहिली असती. ही माती पावसाळ्यात चार महिने ओल धरून ठेवते आणि गाडीचा तळ खालून खाते; उरलेले काम उंदीर करतात, त्यांना वायरिंगचे आवरण फार आवडते. नऊ हजार रुपये ही केवळ गाडी घरी आणण्याची किंमत होती. तिला आजपर्यंत जगवण्याची किंमत आपण हिशेबात धरलेली नाही.

मात्र एका गोष्टीची मलाही मनापासून हळहळ वाटते, आणि ती 1987 ची नाही. कडुलिंबाखाली ती गाडी सहा-सात वर्षे उभी होती, त्या अवधीत तुमचे चुकारे आले असतील, बैलजोडीही सावरली असेल; तेव्हा एकदा डॉक्टरांच्या घरी जाऊन विचारायला हवे होते. भंगाराच्या भावाने तिचे फारसे पैसे कोणी मागितले नसते. ही चूक मीही केली आहे, म्हणून हे लिहितो. अमरावतीत माझ्या रोजच्या वाटेवर एक स्टँडर्ड हेराल्ड वर्षानुवर्षे उभी असे. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी घडवलेली ती मोटार मद्रासला बनत असे, तिचे अख्खे बॉनेट मडगार्डांसह पुढे उघडत असे, आणि ती इतक्या लहान जागेत वळत असे की बोळातून बाहेर काढताना मागेपुढे करावे लागत नसे. सुटे भाग मिळणार नाहीत, या एका भीतीपोटी मी तिच्या मालकाला कधी विचारलेसुद्धा नाही. ‘नाही’ म्हटल्याचे दुःख कालांतराने निवते, पण विचारलेच नाही याचे दुःख निवत नाही, असा निदान माझा अनुभव आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. घ्यावी, पण कागद पाहून. पुष्कळ जुन्या गाड्या मूळ मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्याच नावावर पडून असतात; अशा वेळी वारसाने आधी आरटीओत नमुना 31 (मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतराचा अर्ज) भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी आणि मगच नमुना 29 व 30 वर विक्री व्हावी. आरसी बुक नाही, पण इंजिन उत्तम आहे, असे सांगणाऱ्याकडून काही घेऊ नये. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारींसाठी 2021 पासून केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत : नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ‘मूळ रूपात’ ही अट आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे, कारण शेतावर राबलेल्या कितीतरी जुन्या पेट्रोल जीपगाड्यांमध्ये लोकांनी डिझेल इंजिने बसवली आहेत.

फियाटीच्या बाबतीत एक समाधान आहे. तिचे 1089 सीसीचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीतही त्याच मापाने चालू राहिले, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना त्याची सवय आहे आणि बरेच भाग जुळवून घेता येतात. अडचण येते ती पत्र्याची, काचांची आणि क्रोमच्या पट्ट्यांची. म्हणून इंजिन बंद असले तरी चालेल, परंतु पत्रा शाबूत आणि अंगावरचे सामान पूर्ण असलेली गाडी निवडावी. पुढची दारे उघडून नीट पाहावीत. या गाडीत ती मागच्या बाजूने बिजागरीवर बसवलेली असतात, आणि मधला खांब गंजला असेल तर दार खाली लोंबते. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा आधी बदलून घ्यावा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा. नातवाला गोडी लागली आहे असे पत्रावरून जाणवते. मिस्त्रीकडे जाताना त्याला सोबत न्यावे.

प्रश्न : आर्वी तालुक्यातील माहेरच्या वाड्यात माझ्या दिवंगत वडिलांची 1978 सालची अँबेसिडर मार्क 3 उभी आहे. भाऊ ती येत्या पोळ्यापूर्वी भंगारात द्यायची म्हणतात. मी अडवू का?

उत्तर : अवश्य अडवा, आणि आजच फोन करा. या मोटारीचे उत्पादन 2014 पर्यंत चालू होते, त्यामुळे तिच्या 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनाची दुरुस्ती नागपूर-अमरावतीचे जुने मिस्त्री अजूनही करतात. पहिली नोंदणी 1978 मधली असेल, तर 2028 मध्ये तिला पन्नास वर्षे पूर्ण होतील आणि वर सांगितलेल्या नियमांखाली अर्ज करता येईल. तोपर्यंत आरसी बुक शोधून ठेवा, नोंदणी रद्द करण्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, आणि भावांशी बोलून वारसाची नोंद करून घ्या. गाडी मातीवर असेल तर पावसापूर्वी ती फरशीवर घ्यावी, चाके विटांवर उचलावीत, बॅटरी काढून ठेवावी, आणि प्लॅस्टिकऐवजी जुन्या सुती चादरीने झाकावी, कारण प्लॅस्टिकखाली घाम धरून पत्रा गंजतो. भावांना जागेचीच अडचण असेल, तर वाड्यातून हलवण्याचा खर्च आपण उचलाल, असे त्यांना आधी सांगून टाका.