काहीच त्रास नाही, पण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले. अँटिबायोटिक घ्यावं का?

विद्यापीठाच्या आरोग्य तपासणीत तुमच्या लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून मोजण्याची चाचणी) ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जंतू मिलीलीटरमागे १ लाखाच्या वर निघाले, जळजळ किंवा ताप काहीच नाही, तरी कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. गरोदर नसाल आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली नसेल तर कोर्सची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत.

तो १ लाख येतो कसा? १ मायक्रोलीटर (मिलीलीटरचा हजारावा भाग) मावेल एवढ्या लूपने, म्हणजे तारेच्या छोट्या कडीने, आम्ही लघवी जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरवतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहती, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, मोजतो. १०० दिसल्या की १ मिलीलीटरमध्ये १ लाख जंतू धरायचे. नमुना फ्रिजबाहेर काही तास पडून राहिला, तर जंतू डबीतच भराभर वाढतात. नमुना देताना बाहेरच्या त्वचेवरचेही मिसळतात. म्हणून स्त्रियांमध्ये, लक्षणं नसताना, लागोपाठच्या दोन नमुन्यांत तोच जंतू तेवढ्याच संख्येने आला तरच तो मूत्राशयातला मानतात. तुमचा नमुना एकच आहे.

आणि समजा, जंतू खरोखरच आहेत. निरोगी तरुण स्त्रियांमध्ये शंभरात १ ते ५ जणींना ते असतात, तरुण पुरुषांत क्वचितच. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटरची, त्यामुळे आतड्यातले जंतू सहज वर चढतात, शरीरसंबंधानंतर जास्त, आणि बहुतेकदा आपोआप निघूनही जातात. तुम्ही अस्वच्छ राहता असा याचा अर्थ मुळीच होत नाही. कुणी तसं म्हणालं तर मनावर घेऊ नका.

उलट औषधाने नुकसान होऊ शकतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं नसताना औषध दिलेल्या गटालाच पुढे त्रासदायक संसर्ग जास्त झाले. निरुपद्रवी जंतू मारले की त्यांची जागा चिवट जंतू घेऊ शकतात.

रिपोर्टखाली औषधांच्या नावांपुढे ‘एस’ (औषध त्या जंतूवर चालतं) किंवा ‘आर’ (चालत नाही) लिहिलेलं असतं. ते पाहून लोक थेट औषधाच्या दुकानात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. उपचार करायचे ठरले तर कोणतं औषध चालेल, एवढंच त्यातून कळतं. पू पेशी दिसल्या म्हणूनही औषध लागत नाही.

गरोदरपणात मात्र उपचार हवेतच, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका वाढतो. मूत्रमार्गात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया होणार असेल तरीही. पुढे जळजळ, सारखी लघवीची घाई, पाठीत बरगडीखाली दुखणं किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हा हा जुना रिपोर्ट दाखवा, पण कल्चरसाठी ताजा नमुना द्या.