पाउच नंतर बघा, आधी तुमच्या सामानातली सगळ्यात जाड वस्तू शोधा

तुमच्या प्रश्नातलं सामान असं: लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर, चार-पाच केबल्स, पॉवर बँक, इअरफोन, पेन ड्राइव्ह आणि परदेशातल्या सॉकेटसाठी अडॅप्टर. हे सगळं बॅगेच्या तळाशी जाऊन त्याचा गुंता होतो. आता पुस्तकासारखा उघडणारा चपटा पाउच घ्यावा की पेटीच्या आकाराचा उभा, कडक कवचाचा की कापडी, वॉटरप्रूफ हवा की नको, यात तुम्ही अडकला आहात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पेटीच्या आकाराचा, कापडी, आणि तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा एक माप लहान.

पाउच निवडताना बहुतेक जण केबल्स मोजतात आणि तेवढे कप्पे शोधतात. पण केबल कुठेही मावते. वाकते, दबते, उरलेल्या फटीत बसते. अडचण करतात त्या न वाकणाऱ्या दोन-तीन वस्तू: लॅपटॉपच्या चार्जरची वीट, सगळ्या देशांत चालणारा तो चौकोनी अडॅप्टर आणि पॉवर बँक. सगळं सामान टेबलावर मांडा, त्यातली सर्वांत जाड वस्तू उचला आणि फूटपट्टीने तिची जाडी मोजा. पाउचची आतली खोली त्याहून थोडी जास्त हवी. ऑनलाइन दिलेली मापं बहुतेक वेळा बाहेरची असतात. अस्तर आणि फोम त्यातली बरीच जागा खातात, म्हणून माप जेमतेम जुळत असेल तर तो पाउच सोडून द्या.

चपट्या पाउचचं घोडं इथेच अडतं. फोटोत तो उघडा ठेवलेला असतो, डावीकडे केबल्स, उजवीकडे मेमरी कार्डं, सगळं देखणं. त्यात चार्जर ठेवून मिटायला गेलं की मधोमध फुगवटा येतो आणि सगळा ताण कोपऱ्यावरच्या चेनवर पडतो. चेन आधी तिथेच उसवते. तुमच्याकडे फक्त मोबाइलचं सामान असतं तर मी चपटाच घ्या म्हटलं असतं, लॅपटॉपच्या बॅगेत तो छान सरकतो. लॅपटॉपचा चार्जर आला की मात्र खोली लागतेच.

पण ती जाड वस्तू बरोबर न्यायलाच हवी का, हेही बघा. तुमचा लॅपटॉप टाइप-सी पोर्टमधून चार्ज होत असेल तर गॅलियम नायट्राइडचा, म्हणजे दुकानात ज्याला ‘गॅन चार्जर’ म्हणतात तो आकाराने लहान, ६५ वॉटचा दोन-तीन पोर्टवाला चार्जर घ्या. वीट, तिची जाडजूड वायर आणि मोबाइलचा वेगळा चार्जर, तिन्ही घरी राहतात. फक्त एक लक्षात असू द्या: अशा चार्जरला दुसरं उपकरण जोडलं की ६५ वॉट दोघांत वाटले जातात आणि लॅपटॉप सावकाश चार्ज होतो. रात्रभर लावून ठेवणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. मोठा गेमिंग लॅपटॉप असेल तर ६५ वॉट पुरणार नाहीत, त्याची वीट बरोबर घ्यावीच लागेल.

केबल्सही कमी होतात. युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅबलेट, कॅमेरा, इअरफोन अशा उपकरणांना टाइप-सी सक्तीचं झालं. आयफोनलाही २०२३ च्या १५ व्या मालिकेपासून तेच पोर्ट आहे. म्हणजे नव्या सामानाला एकाच जातीची केबल चालते. गंमत अशी की सगळ्या टाइप-सी केबल्स दिसतात सारख्या, पण असतात वेगवेगळ्या. साधी केबल ६० वॉटपर्यंत वीज नेते, जास्त क्षमतेची २४० पर्यंत. मोबाइलबरोबर येणारी केबल बरेचदा डेटा मात्र ४८० मेगाबिट प्रति सेकंद या जुन्याच वेगाने पाठवते. त्यामुळे जी केबल लॅपटॉप नीट चार्ज करते तिच्या टोकाला रंगीत टेप गुंडाळा, जी बाहेरच्या ड्राइव्हसाठी आहे तिला दुसऱ्या रंगाची. जुन्या मायक्रो पिनचं एखादंच उपकरण शिल्लक असेल तर त्यासाठी पूर्ण केबल न नेता टाइप-सी केबलच्या टोकाला लावायचा नखाएवढा कनेक्टर न्या.

आता इलॅस्टिकच्या पट्ट्या. एका फळीवर दहा-बारा इलॅस्टिकची वेटोळी शिवलेले पाउच सगळीकडे दिसतात आणि मला ते अजिबात आवडत नाहीत. त्या पट्ट्यांची मापं कुणीतरी दुसऱ्यानेच ठरवलेली असतात. तुमची जाड केबल तिथे शिरत नाही, बारीक केबल सटकते. पिन आत घालताना अडते, काढताना शेजारचीला ओढून आणते. काही महिन्यांनी इलॅस्टिक सैलावलं की पट्ट्या नुसत्या शोभेला. याला अपवाद एकच: दर वेळी अगदी तेच सामान नेणारे लोक, उदाहरणार्थ छायाचित्रकार. त्यांना ठरलेली जागा हवी असते, आणि रिकामी पट्टी दिसली की काय राहिलं ते लगेच कळतं.

बाकीच्यांसाठी जाळीचे दोन-तीन ऐसपैस कप्पे आणि चेन असलेला एक छोटा कप्पा पुरे. जाळी बारीक विणीची हवी, मोठ्या भोकांतून पिन बाहेर डोकावते आणि अडकते. छोट्या कप्प्यात सिमची पिन, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह. या बारक्या वस्तू हरवल्या की पाउच उलटा करून झटकायची वेळ येते, म्हणून तेवढ्या कप्प्याला चेन हवीच.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही: आतल्या अस्तराचा रंग. काळ्या अस्तरात काळी केबल, काळा चार्जर, काळा अडॅप्टर. विमानात दिवे मंद झाल्यावर त्यात काही शोधून दाखवा. अस्तर राखाडी, पिवळं, नारिंगी, काहीही चालेल, फक्त फिकट हवं. बाहेरचा रंगही भडक असला तर बरं, हॉटेलच्या काळ्या टेबलावर काळा पाउच विसरायला वेळ लागत नाही.

कडक कवचाचे पाउच फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क किंवा लेन्स नेणाऱ्यांसाठी ठीक. चार्जर आणि केबलला कवच लागत नाही. कडक पाउच अर्धा रिकामा असला तरी बॅगेत पूर्ण जागा अडवतो, कापडी दबतो.

वॉटरप्रूफसाठी मी फार खर्च करायला सांगणार नाही. पाउच बॅगेच्या आत असतो, तिथे पाऊस क्वचित पोहोचतो. तिथे पाणी सांडतं ते शेजारच्या बाटलीतून. बाटली बाहेरच्या खिशात ठेवली की निम्मा प्रश्न मिटतो. आतून लेप दिलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर एवढं पुरे. पाणी अडवणाऱ्या चेन ओढायला जड असतात आणि दिवसातून अनेकदा उघडायच्या पाउचला त्या त्रासदायक होतात. कापडाच्या वर्णनात ‘डेनियर’ असा आकडा दिसेल, तो धाग्याचा जाडपणा सांगतो: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २०० ते ५०० च्या मधलं काहीही या कामाला भरपूर आहे. त्याहून जाड कापड म्हणजे फक्त जास्त वजन.

पैसे द्यायचेच तर चेनसाठी द्या. पाउच फाटण्याआधी चेन जाते. चेनला क्रमांक असतो आणि तो साधारणपणे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो. बाहेरची चेन ५ क्रमांकाची असावी, आतल्या कप्प्याला ३ ची चालते. रनरवर जपानी वायकेके कंपनीचं नाव असेल तर चांगलंच, पण ते नसलं तरी कोपऱ्यावर चेन अडखळते का, हे स्वतः चालवून पाहा. तिन्ही बाजूंनी उघडणारी चेन घ्या, म्हणजे झाकण पूर्ण मागे पडतं आणि सगळं एकदम दिसतं. फक्त वरून उघडणाऱ्या पाउचमध्ये तळाची वस्तू काढायला वरच्या सगळ्या काढाव्या लागतात. आतल्या शिवणीला पट्टी लावलेली आहे ना, तेही पाहा. सुटे धागे रनरमध्ये अडकतात.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेचा विचार वेगळा करावा लागतो. ती चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतची (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचं माप) सहसा परवानगीशिवाय नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीला विचारावं लागतं, त्यापुढची नाहीच. हिशोब सोपा आहे: पॉवर बँकेवर छापलेल्या मिलिअँपिअर-तासांना (mAh) ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. १०,००० ची ३७ वॉट-तास, २०,००० ची ७४, आणि २७,००० ची जेमतेम शंभराच्या आत. छापलेला आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत वाद होतो, त्यामुळे पॉवर बँक किल्ल्यांबरोबर घासत ठेवू नका.

२०२५ पासून नियम आणखी कडक होत चाललेत. जानेवारीत दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान जळालं आणि पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर १ मार्चपासून तिथल्या विमानांत ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबरपासून प्रवासात तिचा वापरच बंद केला. चीनमधल्या देशांतर्गत विमानांत २८ जूनपासून ‘थ्री-सी’ हा चीनचा सुरक्षा-प्रमाणनाचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. कंपनीगणिक फरक आहे, तिकीट काढल्यावर तुमच्या कंपनीचं पान वाचून घ्या.

पाउचशी याचा संबंध असा की पॉवर बँक बाहेरच्या कप्प्यात किंवा वेगळ्या छोट्या पाउचमध्ये हवी. विमान भरलं की दारातच केबिन बॅग मागून घेऊन खाली टाकतात, तेव्हा बॅटऱ्या काढून हातात घ्याव्या लागतात. मागे रांग थांबलेली असताना तिथे गुंता सोडवत बसायचं नसतं. पाउचला एका बोटात अडकेल असा पट्टा असेल तर तो सरळ उपसून काढता येतो. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्यांची टोकं झाकलेली असू द्यात, नाणं किंवा किल्ली टेकली तर शॉर्ट होतं. आणि मिटलेल्या पाउचमध्ये पॉवर बँकेवर मोबाइल चार्ज करत ठेवू नका, उष्णता कोंडते.

मी स्वतः दोन पाउच वापरते. एक लहानसा, सीटच्या खिशात राहणारा: इअरफोन, वीतभर केबल, पॉवर बँक. दुसरा मोठा, जो मुक्कामाला पोहोचल्यावरच उघडतो. मोठ्याचं माप लॅपटॉपवाल्याला एक ते दीड लिटर पुरतं. दोन लिटरचा घेतला तर तो भरतोच, ‘असू दे’ म्हणत टाकलेल्या केबल्सनी.

केबल गुंडाळायची पद्धत मात्र पाउचपेक्षा महत्त्वाची आहे. चार्जरभोवती करकचून गुंडाळलेली केबल पिनच्या मानेपाशी तुटते, कारण ताठ पिन आणि लवचीक वायर जिथे भेटतात तिथेच सगळा बाक येतो. तळहाताएवढी सैल वेटोळी करा आणि वेल्क्रोची पट्टी बांधा. केबलवरच अडकून राहणारी पट्टी घ्या, सुटी हरवते. तिची खरखरीत बाजू आत वळलेली ठेवा, नाहीतर ती जाळीला धरून बसते.

घ्यायची घाई नसेल तर पुढच्या प्रवासाला सगळं सामान एका पारदर्शक झिपलॉक पिशवीत घालून न्या. काय लागलं, काय नुसतंच हिंडून आलं, ते परतल्यावर समजेल आणि माप त्यावरून ठरवता येईल. मग दुकानात जाताना तेच सामान बरोबर न्या. पाउच भरा, मिटा, उभा धरून हलवा, आणि एका हाताने एकच केबल काढून बघा. तिच्याबरोबर दुसरं काही ओढलं गेलं तर तो पाउच परत फळीवर ठेवा.