मलावीला यायचं म्हणतेस, तर

तू विचारलंस, बालरोगात एम.डी. झालंय, मेळघाटात कुपोषित मुलांत काम केलंय, आता दोन वर्षं मलावीत यावं का, आणि तिथे निराळं काय?

निराळी म्हणजे सूज. तिकडे तू बहुतेक वाळलेली मुलं पाहिलीस. इथे क्वाशिओरकर, म्हणजे अंगावर सूज आणणारं कुपोषण, भरपूर. पाय-तोंड सुजलेलं, केस तांबूस, कातडी भाजल्यासारखी सोललेली. आईला वाटतं बाळानं अंग धरलंय. दंडाला पट्टी लावली की ११५ मिलिमीटरच्या वर भरते (त्याखाली असेल तर तीव्र कुपोषण), आणि नवा डॉक्टर फसतो. म्हणून आधी दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबायचा, खळगा राहतो का बघायचं.

मीही फसलोय. पहिल्याच महिन्यात असं एक मूल जुलाबानं मलूल होऊन आलं. मी सवयीनं सलाइन जोरात सोडायला सांगितलं. रात्रपाळीची सिस्टर काही बोलली नाही. तिनं नळीचं चाक फिरवून धार थांबवली आणि माझा हात मुलाच्या छातीवर ठेवला. भात्यासारखी वरखाली होत होती. असल्या मुलाचं हृदय अशक्त असतं, पाण्याचा लोंढा पेलत नाही. मूल वाचलं ते तिच्यामुळे. अशा मुलाला पहिले काही दिवस एफ-७५ हे उपचाराचं खास दूध, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. रक्त कमी दिसलं तरी लोह इतक्यात नाही. हात आवरणं हेच इथे शिकावं लागतं. सूज उतरायला लागली, भूक लागली, की शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट. ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. मग पोर आईबरोबर घरी.

इथलं मुख्य अन्न नसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. डिसेंबर ते मार्च कणग्या रिकाम्या, तेव्हाच वॉर्ड भरतो. मक्यातलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) सहजी अंगी लागत नाही. १९९०मध्ये मोझांबिकहून इथे आलेल्या निर्वासितांत पेलाग्राची, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या आजाराची, साथ आली, अठरा हजारांवर रुग्ण. रेशनात मका होता, नायसिन पुरवणारे शेंगदाणे तेवढे थांबले होते. (दख्खनमध्ये निव्वळ ज्वारीवर भागवणाऱ्यांतही हाच आजार दिसायचा, त्यामुळे मक्याला नावं ठेवायला जाऊ नकोस.)

कागदपत्रांचं थोडक्यात: मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि कामाचा परवाना हातात पडल्याशिवाय तिकडची नोकरी सोडू नकोस. करार कोणाच्या पैशावर आहे आणि प्रोजेक्ट संपल्यावर तुझं काय, हे लेखी माग. पगारात घर चालतं, पण पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता निघेल असं समजू नकोस. मलेरिया होणार, घाबरू नकोस. पण ताप अंगावर काढायचा नाही.

चिचेवा, इथली भाषा, आल्यावर शिक. आईला 'अमायी' म्हणतात, तुला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटेल.

गोडा मसाला आण. शेंगदाणे नकोत, इथले चांगले असतात.