रोगकारक यीस्टला ‘किण्व’ म्हणावे का?

कॅन्डिडासारख्या रोगकारक यीस्टच्या जीनोम-संशोधनावर (संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासावर) मराठीत लेख लिहिणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारले आहे की, ‘किण्व’ हा शब्द पाव आणि मद्य यांच्या आंबवणीतला असल्यामुळे रोग निर्माण करणाऱ्या यीस्टसाठी ‘बुरशी’ हाच शब्द वापरावा, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. तो योग्य आहे काय?

तो योग्य नाही, आणि असे सल्ले ऐकून आता खेद वाटू लागला आहे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसमुळे ‘काळी बुरशी’ हे शब्द घरोघरी पोहोचले, आणि तेव्हापासून कवकांमुळे (बुरशी, यीस्ट, अळंबी यांच्या कुळातील सजीवांमुळे) होणारा प्रत्येक आजार बुरशीच्या खाती मांडला जातो. म्युकर हे तंतूंनी वाढणारे कवक असल्यामुळे तेथे ‘बुरशी’ शोभते, मात्र काळेपणा त्या कवकाचा नसून मृत पडलेल्या ऊतींचा असतो. कॅन्डिडा ऑरिसला तर बातम्यांमध्ये चक्क ‘विषाणू’ म्हटलेले ऐकू येते. पेशीकेंद्रक असलेल्या, मुकुलनाने (पेशीला कोंब फुटून) वाढणाऱ्या सजीवाला विषाणू म्हणणे ही ढोबळ चूक आहे.

‘किण्व’ म्हणजे मद्य आंबवण्यासाठी घालायचे द्रव्य, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. विचार करावा असा शब्द ‘यीस्ट’ हा आहे. त्याचे मूळ उकळणे, फेसाळणे या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत आहे आणि त्याच धातूचे संस्कृत रूप ‘यस्’ हे आहे. आपले ‘आयास’, ‘प्रयास’ आणि ‘सायास’ हे शब्द या ‘यस्’पासून आले आहेत, म्हणजे आपण सायासाने एखादे काम करतो तेव्हा यीस्टच्या सख्ख्या नातलगाचाच उच्चार करत असतो. धातुपाठ (संस्कृत धातू आणि त्यांचे अर्थ यांची पारंपरिक यादी) ‘यसु प्रयत्ने’ एवढेच सांगून थांबतो, आणि पुष्कळ कोशकारही प्रयत्न हाच मूळ अर्थ धरून चालतात. येथे माझा धातुपाठाशी स्पष्ट मतभेद आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 104 व्या सूक्तात ‘ययस्तु’ हे क्रियापद अग्नीवरील चरूच्या (शिजवण्याच्या भांड्याच्या) उपमेसह येते. तेथे खदखदण्याशिवाय दुसरा अर्थ संभवत नाही. आधी उकळणे, मग तापणे, मग दमणे आणि शेवटी झटणे, असा हा अर्थप्रवास झाला असावा, असे माझे ठाम मत आहे. ग्रीक भाषेत याच धातूपासून उकळण्याचे क्रियापद झाले आणि त्यातून त्वचारोगाचे ‘एक्झिमा’ हे नाव आले. त्यामुळे रोगाशी या शब्दकुळाचा संबंध नाही, असेही म्हणता येत नाही.

या व्युत्पत्तीचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे. ‘यीस्ट’ काय किंवा ‘किण्व’ काय, ही नावे कृतीवरून पडलेली आहेत, कुळावरून नव्हेत, आणि जीनोम-संशोधनाने नेमके हेच दाखवून दिले आहे. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्टच्या रूपात मेंदूज्वर घडवते, परंतु वंशाने ते अळंबीच्या गटातले आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स अगदी वेगळ्या गटातले. कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा ग्लॅब्राटा यांना तर अनेक वर्षे ‘कॅन्डिडा’ या एकाच प्रजातीनावाखाली (अनेक जातींच्या सामाईक नावाखाली) ठेवले होते. 2004 मध्ये दोघांचेही जीनोम प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्लॅब्राटा पावाच्या यीस्टचे जवळचे आप्त असल्याचे स्पष्ट झाले. अल्बिकन्स आपल्या जनुकांतील ‘सीयूजी’ या तीन अक्षरी संकेताचे वाचन ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या घटकाऐवजी) सेरीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे असे करते, आणि ग्लॅब्राटा ते पावाच्या यीस्टप्रमाणे ल्युसीन असेच करते. म्हणून कुळासाठी ‘कवक’, तंतुमय वाढीसाठी ‘बुरशी’ आणि मुकुलनाने वाढणाऱ्या एकपेशीय रूपासाठी ‘किण्व’ अशी वाटणी मी सुचवतो. कॅन्डिडा अल्बिकन्स शरीरात तंतूही काढते, तेव्हा त्या अवस्थेपुरते ‘तंतुरूप’ आणि एरवी ‘किण्वरूप’ म्हणावे.

‘किण्व उपकारक, बुरशी अपायकारक’ ही विभागणी तर टिकणारीच नाही. रुग्णांच्या रक्तात सापडणाऱ्या आणि फ्लुकोनाझोल या औषधाला उपजतच न जुमानणाऱ्या कॅन्डिडा क्रुसेई या यीस्टचा जीनोम 2018 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी पिचिया कुद्रियावझेव्हीच्या जीनोमशी ताडून पाहिला. कोकोच्या बिया आंबवताना आढळणारे हे यीस्ट आणि रुग्णालयातले ते यीस्ट या दोन जाती नसून एकच जात आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. एकाच सजीवाला कोकोच्या ढिगात किण्व आणि रुग्णाच्या रक्तात बुरशी म्हणायचे, याला कोणताही आधार उरलेला नाही. संस्कृत कोशांत ‘किण्व’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘पाप’ असा दिलेला आहे, हेही या सल्लागारांनी पाहायला हवे होते.

कॅन्डिडा ऑरिसचे उदाहरण याहून बोलके आहे. 2009 मध्ये जपानमधील एका वृद्धेच्या कानातून मिळाल्यामुळे त्याला लॅटिन भाषेतील कानाचे नाव मिळाले. जीनोमच्या आधारे वंशावळ नव्याने मांडल्यावर 2024 मध्ये त्याचे नाव ‘कॅन्डिडोझायमा ऑरिस’ असे करण्यात आले. यातील ‘झायमा’ म्हणजे ग्रीक भाषेतले आंबवण. (ध्वनिसाम्यामुळे हा शब्द ‘यस्’शी जोडण्याचा मोह होतो, पण त्याचे नाते ‘यूष’ म्हणजे कढण या संस्कृत शब्दाशी सांगितले जाते.) अनेक औषधांना दाद न देणाऱ्या या सजीवाच्या नावात वर्गीकरणतज्ज्ञांनी आंबवणीचा शब्द निःसंकोच ठेवला आहे. प्राध्यापिकाबाईंनीही आपल्या लेखात ‘रोगकारक किण्व’ असेच लिहावे.