कोडिंग येत नाही, एमबीए नाही. प्रॉडक्ट मॅनेजर होता येईल का?

ती 29 वर्षांची, कोल्हापूरकडची, बी.एस्सी. झालेली. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं सपोर्टचं काम करते. (ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत; आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) ती माझ्याकडे सल्ला मागायला आली. तिचा प्रश्न असा होता: "मॅडम, मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. पण कोडिंग येत नाही, एमबीए नाही, इंग्रजीही बेताचं. दोन मुलाखतींत विचारलं, कोणतं फीचर आधी करायचं ते कसं ठरवाल? मला सांगताच आलं नाही. आता एमबीए करू की एखादा कोर्स?"

सपोर्ट, टेस्टिंग, विक्री अशा कामांतून या वाटेला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं आणि काय नाही हे ठरवण्याच्या कामाकडे, येऊ पाहणारे बहुतेक जण हीच धास्ती घेऊन येतात. कोडिंगपुरतं उत्तर सोपं आहे. या कामाची मुळं ज्या टिपणात सापडतात, ते नील मॅकेलरॉय यांनी 13 मे 1931 रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत लिहिलं. एका साबणाच्या ब्रँडची पूर्ण जबाबदारी एका माणसाकडे असावी, विक्री कुठे आणि का पडते याचा छडा त्यानंच लावावा, असं त्यात मांडलं होतं. सॉफ्टवेअरचा तेव्हा पत्ताही नव्हता. आजही या कामाचा गाभा तोच आहे: अडचण नेमकी ओळखायची, ती मोजायची, काय करायचं आणि काय नाही हे कारणासकट लिहायचं आणि केलेल्याचा परिणाम तपासायचा. मुलाखतीत ती अडली याचं कारण यातलं एकही काम तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं नव्हतं. ती उणीव एमबीएनं आपोआप भरत नाही. म्हणून कोर्सचा विषय बाजूला ठेवला आणि तिला सांगितलं, तुमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी मागणी घेऊन या.

मागणी तिच्या ओठांवरच होती. "केंद्राचे सचिव सारखे म्हणतात, झालेली नोंद दुरुस्त करायचं बटण द्या."

ज्यांना केंद्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सकाळ-संध्याकाळ शेतकरी दूध घेऊन येतात. सभासद कोड टाकला जातो, काट्यावर वजन होतं, यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सांगतं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि स्लिप मिळते. दहा दिवसांनी बिल होतं. कोड चुकला तर एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि अनेकदा ते बिलाच्या दिवशीच कळतं. मग भांडण, आणि सचिवांचा सपोर्टला फोन.

मागणी आली की नवखा माणूस ती तशीच डेव्हलपरपुढे ठेवतो. इथंच घसरायला होतं, कारण मागणीत माणूस त्याला सुचलेला उपाय सांगत असतो आणि मूळ अडचण मागे राहते. दुरुस्तीचं बटण दिलं असतं तर चुका तेवढ्याच राहिल्या असत्या. शिवाय कुणाच्याही नावावरचं दूध मागाहून कमी-जास्त करता आलं असतं. सहकारी संस्थेत हा संशय शिरला की सॉफ्टवेअरच बंद पडतं.

पहिला गृहपाठ मोजणीचा होता. तक्रारींचे जुने फोन चाळून प्रत्येकाला एक कारण लावायचं. कारणं सात-आठच ठेवायची. वीस केली की कुठलाच ढीग मोठा दिसत नाही. त्याच वेळी डेटाबेसमधून केंद्र, पाळी आणि तासानुसार दुरुस्त्या काढायच्या. यासाठी तिला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकावी लागली. निवडणं, गाळणं, गट पाडून मोजणं आणि दोन तक्ते जोडणं एवढं या कामाला पुरतं. रोज तासभर दिला तर महिन्याभरात हात बसतो. एपीआय, म्हणजे दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलायची ठरलेली रीत, कशी असते, सर्व्हर आणि केंद्रातला संगणक एकमेकांशी कधी बोलतात, नेट नसेल तेव्हा नोंद कुठे थांबते, हे तिनं स्वतःच्याच कंपनीतल्या डेव्हलपरकडून समजून घेतलं. तांत्रिक ज्ञान म्हणतात ते या कामापुरतं एवढं. प्रोग्राम लिहिता आला तर उत्तम, नाही आला तर अडत नाही.

मोजणीतून दोन गोष्टी दिसल्या. चुका सकाळच्या गर्दीच्या तासात एकवटलेल्या होत्या, आणि बऱ्याच चुकांत आकड्यांची अदलाबदल होती, म्हणजे 142 च्या जागी 124.

मग केंद्रांवर जायची तयारी. तिनं आणलेल्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, "असं बटण आलं तर वापराल का?" समोरचा हो म्हणणारच, कारण हो म्हणायला त्याला काहीच पडत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या प्रसंगाबद्दल विचारावं: मागच्या वेळी नोंद चुकली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? तुम्ही काय केलंत? पैसे कुणाच्या पदरचे गेले? आणि विचारण्याआधी पाळी सुरू असताना अर्धा-पाऊण तास गप्प उभं राहून बघावं. तिनं ते केलं. शेतकरी कोड तोंडी सांगतो, ऑपरेटरचं लक्ष काट्याकडे, पडद्यावर नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत, आणि तोवर पुढची किटली काट्यावर चढलेली. वर एका गावात एकाच नाव-आडनावाचे दोन सभासद, आणि शेजाऱ्याचं दूध घेऊन आलेलं पोर. पाच वर्षं फोनवर तक्रारी ऐकूनही यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं.

आता पर्याय. एक, दुरुस्तीचं बटण. दोन, कोड टाकताच पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत दाखवायचं आणि त्या सभासदाच्या नेहमीच्या दुधापेक्षा फार वेगळं वजन आलं तर इशारा द्यायचा. तीन, प्रत्येक नोंदीचा मराठी एसएमएस. क्रम लावायला तिनं राइस पद्धत वापरली: किती जणांपर्यंत पोचेल, गुणिले परिणाम, गुणिले खात्री, भागिले मेहनत. पोच तिन्हींची 200 केंद्रं. बटण: परिणाम 1, खात्री 50 टक्के, मेहनत एक माणूस-महिना (एका माणसाचं महिन्याभराचं काम), गुण 100. नाव आणि इशारा: परिणाम 2, खात्री 80 टक्के, मेहनत दोन, गुण 160. एसएमएस: परिणाम 1, खात्री 80 टक्के, मेहनत दोन, गुण 80. मेहनतीचा आकडा डेव्हलपरकडूनच घ्यायचा, मनानं घालायचा नाही. एसएमएसची मेहनत तिनं आधी अर्धा महिना धरली होती. पण देवनागरी संदेशात 70 अक्षरांतच एक एसएमएस संपतो, त्यापुढे जादा पैसे पडतात, आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. डेव्हलपरनं हे दाखवल्यावर अंदाज चौपट झाला.

गुण म्हणजे निर्णय नव्हे. खात्रीच्या रकान्यात 80 ऐवजी 50 घातलं की दोन नंबरचा पर्याय थेट बटणाच्या बरोबरीला, 100 वर येतो. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कशावरून घातला ते एका ओळीत लिहायला लावलं. मुलाखतीत "कसं ठरवाल" या प्रश्नाचं उत्तर त्या ओळींत असतं, सूत्रात नसतं.

त्यानंतर एका पानाचा मसुदा, मराठीतच. अडचण काय, कुणाची, किती, काय करणार, काय मुद्दाम करणार नाही, यश कशावरून ओळखणार, वेगळी प्रकरणं कोणती. विचार मराठीत पक्का झाल्यावर इंग्रजीत आणायला तिला एक संध्याकाळ पुरली. मुलाखतीत अलंकारिक इंग्रजी लागत नाही. छोटी, पूर्ण वाक्यं लागतात. त्यामुळे इंग्रजीची भीती तिथेच बरीच ओसरली. "वेगळी प्रकरणं" हा रकाना मात्र तिनं आधी रिकामा ठेवला होता, आणि चांगला डेव्हलपर सर्वांत आधी तोच वाचतो. वीज गेली तर? नेट नसेल तर? एकाच नावाचे दोघे असतील तर वडिलांचं नाव आणि वस्ती दाखवायची का? नव्या सभासदाची सरासरीच नाही, त्याला इशारा कशावरून द्यायचा? म्हैस आटली तर दूध खरंच कमी होतं, तेव्हा रोज इशारा वाजत राहिला तर ऑपरेटर तो न वाचताच बंद करायला लागेल.

मोजमापाचा भाग सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेला, आणि तो घ्यावाच. 150 सभासदांच्या केंद्रात दोन पाळ्या धरून दहा दिवसांत 3000 नोंदी होतात. त्यात 12 चुका म्हणजे हजारी 4. लक्ष्य तिनं हजारी 1 ठेवलं. सोबत एक राखण-आकडा हवा, म्हणजे सुधारणेच्या नादात बिघडू नये अशी गोष्ट. इथं ती रांग. प्रत्येकामागे तीन सेकंद वाढले तर 150 जणांमागे साडेसात मिनिटं वाढतात, आणि टँकर थांबत नाही. एकाच केंद्रात 12 च्या 9 चुका झाल्या तर आनंद मानू नये. एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडतो. पाच केंद्रांत मिळून 60 च्या 20 झाल्या तर काहीतरी खरंच बदललंय.

आणखी एक खाच होती. सापडलेल्या चुका मोजतो तेव्हा न सापडलेल्या मोजल्या जात नाहीत. नावाचा बदल आणि एसएमएस एकदम सोडले असते तर एसएमएस वाचून लोकांनी पूर्वी न दिसणाऱ्या चुका पकडल्या असत्या, आकडा वाढला असता आणि चांगला बदल फसल्यासारखा दिसला असता. म्हणून आधी नाव, पाच केंद्रांत, एक पूर्ण बिल-काळ. जुना पडदा लगेच परत आणता यावा अशी सोय ठेवूनच. एसएमएस नंतर.

तिची दुसरी काळजी तिनं उशिरा सांगितली. "डेव्हलपर माझ्यापेक्षा सीनियर आहेत. माझं का ऐकतील?" ही काळजी खरी आहे. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली सहसा कुणी नसतं, आणि हुकूम चालवण्यासाठी या कामाकडे येणाऱ्याला मी स्पष्टपणे नको म्हणते. बैठकीत पहिल्यांदाच मसुदा उघडला की लोक बचावात जातात. त्याआधी ज्याचा विरोध होईल त्याला एकट्याला भेटून विचारायचं, यात काय फसेल असं तुम्हाला वाटतं? त्याचं उत्तर त्याच्या नावानं मसुद्यात घालायचं. विक्रीचा माणूस म्हणाला की बटण शुक्रवारपर्यंत हवंच, तर नुसता नकार द्यायचा नाही. "शुक्रवारी बटण हवं असेल तर नावाचं काम तीन आठवडे पुढे जातं. कोणतं चालेल, ते साहेबांसमोर मिळून ठरवू," असं म्हणायचं. ही वाक्यं तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतली, कारण दबावात डोकं ऐन वेळी वाक्य जुळवत नाही.

बाहेर अर्ज करण्याआधी स्वतःच्याच कंपनीत विचारायचं ठरलं. पहिली उडी तिथं सोपी असते. क्षेत्राचं ज्ञान जमेला असतं आणि लोक ओळखतात. रेझ्युमेतली "ग्राहकांच्या तक्रारी सोडवल्या" ही ओळ काढून तिथं अडचण, निर्णय आणि आकडा असलेल्या दोन ओळी आल्या. कंपनीनं नावाचा बदल पाच केंद्रांत करून बघायला होकार दिला, आणि तिचा निम्मा वेळ त्या कामाला दिला.

पद स्वीकारण्याआधी विचारायचे तीन प्रश्न तिला लिहून दिले होते. पुढच्या तीन महिन्यांत काय करायचं ते शेवटी कोण ठरवतं? केंद्रांवर जायला वेळ आणि खर्च मिळेल का? आणि कोणता आकडा माझ्या जबाबदारीचा असेल? पहिल्याचं उत्तर "विक्री विभाग" असेल तर पद कोणतंही असो, काम तारखा सांभाळण्याचंच राहतं. तिला दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पटण्यासारखी मिळाली आहेत. पहिल्यावर मालकांशी बोलणं व्हायचं आहे, आणि ते होईपर्यंत पदाच्या पत्रावर सही करू नका, असा माझा सल्ला आहे.