दोन सिस्को स्विच जोडले, पण ट्रंक आपोआप का होत नाही?

तुमच्याकडे दोन 2960 स्विच आहेत, दोन्हींवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली आभासी नेटवर्कं) 10 आणि 20 बनवलेत, दिवा हिरवा आहे, एका स्विचवरून दुसऱ्याला पिंगही जातो. तरी व्हीलॅन 20 मधले पीसी एकमेकांना दिसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय.

केबल बदलू नका, तिचा दोष नाही. 2960 चा पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' मोडमध्ये येतो. समोरून ट्रंकची, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकची, मागणी आली तर तो तयार होतो, स्वतःहून मागत मात्र नाही. तुमची दोन्ही टोकं ऑटो, त्यामुळे मागणी करणारं कुणीच नाही आणि लिंक मुळातल्या व्हीलॅन 1 चा साधा ॲक्सेस पोर्ट (फक्त एकाच व्हीलॅनचा) म्हणून चालू राहते. स्विचचे आयपी बहुधा व्हीलॅन 1 मध्येच असतील, म्हणून तेवढा पिंग जातो. याच पिंगमुळे लोक तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतात.

'शो इंटरफेसेस गिगाबिटइथरनेट 0/1 स्विचपोर्ट' मारून बघा. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह मोडपुढे 'डायनॅमिक ऑटो' आणि ऑपरेशनल मोडपुढे 'स्टॅटिक ॲक्सेस' दिसेल. पहिली ओळ कॉन्फिगरेशन सांगते, दुसरी प्रत्यक्षात काय चाललंय ते. भरवसा दुसरीवर ठेवा.

एका टोकाला 'डायनॅमिक डिझायरेबल' दिलंत तर ट्रंक होईल, पण हे काम डीटीपीवर (स्विच आपसात ट्रंक ठरवतात तो सिस्कोचा प्रोटोकॉल) सोडू नका असंच मी सांगेन. दोन्हीकडे व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटणारा प्रोटोकॉल) डोमेनची नावं वेगळी असली तरी वाटाघाटी फिसकटते, आणि दुसऱ्या कंपनीच्या स्विचला डीटीपी सहसा कळतच नाही. त्यापेक्षा दोन्ही टोकांना हाताने 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' द्या, मग 'स्विचपोर्ट नोनिगोशिएट'. क्रम हाच ठेवा. पोर्ट डायनॅमिक असताना नोनिगोशिएट स्वीकारलं जात नाही. हे दोन्ही एकाच बाजूला दिलंत तर हा स्विच टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) लावून फ्रेम पाठवेल आणि पलीकडचा ऑटो पोर्ट ॲक्सेसच राहील. 3560 किंवा 3750 मॉडेल असेल तर 'मोड ट्रंक'च्या आधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट1क्यू' (टॅग लावायची पद्धत) लागतं.

आता पीसीचे पोर्ट. तिथे नुसतं 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन 20' देऊन थांबू नका, 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' द्याच. नाहीतर पोर्ट ऑटोच राहतो, आणि कुणी लॅपटॉप लावून यर्सिनियासारख्या टूलने डीटीपी पाठवलं की तो मुकाट ट्रंक होतो. मग त्या लॅपटॉपला ट्रंकवर परवानगी असलेला कुठलाही व्हीलॅन गाठता येतो. रिकामे पोर्टही ॲक्सेस करून 'शटडाउन' ठेवा.

शेवटी 'शो इंटरफेसेस ट्रंक'मध्ये दोन्हीकडे नेटिव्ह व्हीलॅन (ज्याच्या फ्रेम ट्रंकवर टॅगशिवाय जातात तो) सारखाच आहे ना ते पाहा. ट्रंकवर ठरावीकच व्हीलॅनची यादी ठेवली असेल आणि पुढे व्हीलॅन 30 वाढवायचा असेल, तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड 30' असंच लिहा. 'ॲड' राहिलं तर यादीत फक्त 30 उरतो, 10 आणि 20 तिथल्या तिथे बंद. पलीकडच्या स्विचवर त्याच ट्रंकवरून एसएसएच (नेटवर्कवरून लांबून लॉगिन) केलं असेल तर तेही तुटतं, आणि कन्सोल केबल घेऊन तिथे जावं लागतं.