कास्क स्ट्रेंथ, शेरी फिनिश सिंगल माल्ट प्यायची कशी? मला तर नुसती आगच लागली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षांची कास्क स्ट्रेंथ स्कॉच हाती आली, शेवटी शेरीच्या (म्हणजे स्पेनच्या कडक वाइनच्या) पिंपात ठेवलेली. पहिल्या घोटाला घसा सोलून निघाला, मग नुसतं गोड लागलं. यात लोकांना मनुका, अंजीर, अक्रोड सापडतात कुठे, आणि एवढ्या कोवळ्या दारूला एवढे पैसे का?

माझंही असंच झालं होतं. आतेभावाने एडिनबराहून कल ईला या धुरकट चवीच्या स्कॉचची बाटली आणली होती. सहा वर्षांची, 58.4 टक्के अल्कोहोल, शेवटचे काही महिने ओलोरोसो या प्रकारच्या शेरीच्या पिंपात. मे महिना, पुणं, खोलीत पस्तीस डिग्री. मी नेहमीसारखं नाक ग्लासात खुपसलं आणि डोळ्यांतून पाणी काढून बसलो. चूक बाटलीची नव्हती. इतक्या उकाड्यात अल्कोहोलची वाफ सगळ्यांच्या आधी नाकात शिरते. उन्हाळ्यात बाटली घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, पण बर्फ घालू नका, वास मिटून जातो. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. वाइनचा छोटा ग्लासही चालतो. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाक काठापासून दोन बोटं लांब.

आता पाणी. कास्क स्ट्रेंथ म्हणजे बाटलीत भरताना पाणी घालून अल्कोहोलचं प्रमाण खाली आणलेलं नाही, ते काम तुमच्यावर सोडलंय. आपली देशी व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते. त्या हिशेबाने या बाटलीतले 30 मिली म्हणजे नेहमीचे जवळजवळ 41. (पेग मोजताना हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.) 30 मिलीत चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी घातलं की ती साधारण 50 टक्क्यांवर येते, आणखी 3 मिली घातलं की 46 वर. मी औषधाचा ड्रॉपर वापरतो. घाई करू नका, थोडं पाणी घालून पाच मिनिटं गप्प बसा.

पाणी घालण्याआधी माझ्या ग्लासात शेरीच शेरी होती: काकवी, सुकं अंजीर, संत्र्याची साल, आणि मागे विझलेल्या काडीसारखा किंचित गंधकाचा वास. शेरीच्या पिंपांत तो कधीकधी येतो. पन्नासवर आली तेव्हा अक्रोड लागला, आणि पहिल्यांदा धूर: होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख, वर मीठ चोळलेलं लिंबू. शेहेचाळीसला मात्र गंमत झाली. शेरी एका बाजूला सरकली आणि खालून कोवळी दारू उघडी पडली. कच्चं नासपती, भिजवलेल्या पिठाचा वास. दोन्ही एकाच ग्लासात, पण एकमेकांशी न बोलता.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे मुरलेलं लोणचं वेगळं आणि वरून फोडणी दिलेली कैरी वेगळी. पहिल्या दिवसापासून शेरीच्या पिंपात वाढलेली व्हिस्की म्हणजे लोणचं. फिनिश म्हणजे फोडणी: आधी काही वर्षं साध्या, बहुधा बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात, मग काही महिने शेरीच्या. फोडणी वाईट नव्हे, पण खालचा पदार्थ तिला झाकता येत नाही. शिवाय हल्लीची बरीचशी शेरीची पिंपं स्पेनहून शेरी वाहून आणता आणता जुनी झालेली नसतात. ती वाहतूक 1980च्या दशकात थांबली. आता व्हिस्कीवाल्यांसाठीच नवी पिंपं शेरी भरून दीड-दोन वर्षं तयार करतात.

कोवळेपणाबद्दल म्हणाल, तर स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात तीन वर्षं पुरतात, त्यामुळे सहा म्हणजे अगदीच बाळ नाही. आणि धुराची व्हिस्की मला कोवळीच आवडते, कारण वय वाढतं तसा धूर विरत जातो. एक मात्र: स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते, तर गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन या देशी सिंगल माल्टच्या गोदामात त्याच्या कितीतरी पट. स्कॉटलंडची सहा वर्षं आणि गोव्याची सहा वर्षं एका तराजूत घालू नका. पैशांचं म्हणाल, तर निदान पाण्याचे पैसे तुम्ही देत नाही. बाकी महाग आहेच.

रंगावर जाऊ नका. स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद दिसली म्हणजे शेरी जास्त, असं काही नाही.

आणि रिकामा ग्लास त्याच रात्री धुवू नका. सकाळी चहाआधी हुंगून बघा. माझ्या ग्लासात अंजीर नव्हतं, काकवी नव्हती. राख होती, आणि ते लिंबू.